गोळी चढताना, गोळी उतरताना

कंपवाताबद्दल (पार्किन्सन्सबद्दल) आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या वेळी एकाच तक्रारीची आहेत: हाताची थरथर आटोक्यात आली, पण आता अंग आपोआप हलतं, झुलतं, वळवळतं. डॉक्टरी भाषेत याला डिस्कायनेसिया म्हणतात. सारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उत्तरांतले मिलिग्रॅमचे आकडे हिशेब समजावा म्हणून आहेत. ते वाचून गोळ्या आपल्या आपण कमी-जास्त करू नका. आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी नीट बोलता यावं, एवढ्यासाठीच त्यांचा उपयोग करा.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, कंपवात होऊन नऊ वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची ‘१२५’ची गोळी दीड-दीड अशी चार वेळा चालू आहे (सकाळी ८, दुपारी १२ आणि ४, रात्री ८) आणि प्रत्येक वेळी एन्टाकॅपोन २००. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने खांदे झुलायला लागतात, मान डोलते, पाय जागेवर राहत नाहीत. तास-दीड तास चालतं. पाहुणे आले की जास्तच. बाबा मात्र म्हणतात, “मला काही होत नाही, मी अगदी बरा आहे.” आजार वाढला समजायचं का? गोळी कमी करावी का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आधी ही थरथर नव्हे हे नक्की करू. कंपवाताची थरथर तालात असते, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि हात मांडीवर निवांत पडलेला असताना जास्त. तुम्ही लिहिलंय ते बिनतालाचं, एका भागातून दुसऱ्या भागात सरकणारं झुलणं आहे. ते गोळीच्या वेळेला बांधलेलं आहे. म्हणजे हा गोळीचा परिणाम. आजार जुना झाल्याशिवाय तो सहसा दिसत नाही, एवढ्यापुरताच आजाराचा त्यात हात.

असं का होतं हे इंदूरकरांना छतावरच्या टाकीवरून चटकन कळेल. नर्मदेची लाइन ठरावीक वेळीच येते, पण टाकी धड असली की नळाला दिवसभर पाणी. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी म्हणजे ही टाकी. गोळीतली लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनते, पण रक्तात ती फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मी होते. तरी सुरुवातीच्या वर्षांत दिवसाला तीन गोळ्यांवर माणूस सुरळीत चालतो, कारण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून पुरवून सोडतात. या पेशी आणखी घटल्या की टाकी राहत नाही. लाइन आली की पाणी धो धो, गेली की नळ कोरडा. रक्तातली पातळी टोकाला गेली की अंग झुलतं, आणि खाली आली की ताठरतं. वर्षानुवर्षं असे हेलकावे बसले की डोपामिन घेणाऱ्या पलीकडच्या पेशीही जास्त संवेदनशील होतात. मग पूर्वी पचायचा तेवढाच डोस आता उसळी मारतो. पाहुण्यांसमोर वाढतं कारण बोलणं, चालणं, आनंद, घाई, मनातल्या मनात हिशेब, या सगळ्यांनी ते वाढतंच. घरात रंगपंचमीच्या गेरची (मिरवणुकीची) गडबड असली तरी वाढेल.

बाबांना जाणवत नाही यात ढोंग नाही. बऱ्याच रुग्णांना आपलं झुलणं खरंच कळत नाही. आणि ज्यांना कळतं त्यांच्यापैकी बहुतेक जण जखडून बसण्यापेक्षा झुलत फिरणं पसंत करतात. म्हणून पहिला प्रश्न असा की त्रास नेमका कोणाला होतोय? चहा सांडत नाही, तोल जात नाही, वजन घटत नाही, जेवताना घास नाकातोंडात जात नाही, तर काहीच न बदलणं हाही एक उपचार आहे. लोक काय म्हणतील म्हणून डोस तोडला, आणि बाबांचं एकट्याने संडासला जाणं बंद झालं, असं व्हायला नको.

त्रास असेल तर मात्र तीन दिवसांचा तक्ता करा. वहीच्या पानावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात यांतलं एकच अक्षर: झो (झोप), बं (बंद, ताठरलेले), चा (चालू, झुलणं नाही), झु (चालू, झुलणं आहे पण अडत नाही), त्रा (झुलण्यामुळे काम अडतं). शेजारी गोळीची खरी वेळ आणि जेवणाची वेळ. खरी म्हणजे घड्याळातली, चिठ्ठीतली नव्हे. हा तक्ता घरच्याने भरावा, बाबांनी नव्हे, कारण वर सांगितलं तेच. मोबाइलवर गोळीआधी, गोळीनंतर एक तासाने आणि पुढच्या गोळीच्या जरा आधी असे एकेक मिनिटाचे व्हिडिओ घ्या. तपासणीच्या खोलीत जाईपर्यंत गोळी उतरलेली असते, आणि डॉक्टरांना भलताच माणूस दिसतो.

डॉक्टर बहुधा या क्रमाने जातील. लेव्होडोपाला जोर देणारं काय काय चालू आहे ते आधी बघतील. तुमच्या यादीत एन्टाकॅपोन आहे. ते स्वतः काही करत नाही, लेव्होडोपाचं विघटन अडवून तिचा मुक्काम लांबवतं, म्हणून ते सुरू करताना लेव्होडोपा बरेचदा १० ते ३० टक्के उतरवावी लागते. ते राहून गेलं की झुलणं सुरू होतं. (त्याने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये.) रासाजिलिन, सेलेजिलिन यांचंही थोडंफार तसंच. त्यानंतर डोसची फोड. आज दिवसाचे १५० गुणिले ४ म्हणजे ६०० मि.ग्रॅ. लेव्होडोपा होतात. तेच ६०० शंभर-शंभर करून सहा वेळा, सुमारे तीन-तीन तासांनी दिले तर रक्तातल्या पातळीचं शिखर बुटकं होतं.

पण फोड करायलाही मर्यादा आहे, आणि बहुतेक घरी चूक इथे होते. प्रत्येक रुग्णाचा एक उंबरठा असतो. समजा, शंभरला बाबा ‘चालू’ होतात. मग पंचाहत्तर दिल्याने ते पाऊण चालू होत नाहीत, होतच नाहीत. गोळी चढत नाही म्हणून घाबरून वरून अर्धी दिली जाते, दोन्ही एकदम चढतात आणि संध्याकाळ झुलण्यात जाते. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि त्यावर निदान आठवडाभर थांबायचं. हे करूनही भागलं नाही तर अमँटाडिन. त्याबद्दल पुढे आहे.

जाता जाता एक. ‘१२५’ म्हणजे २५ कार्बिडोपा आणि १०० लेव्होडोपा. ‘११०’ म्हणजे १० आणि १००. ‘२७५’ म्हणजे २५ आणि २५०. दवा बाजारातून महिन्याचा साठा आणताना १२५ नाही म्हणून ११० दिली, तर लेव्होडोपा तेवढीच दिसते, पण कार्बिडोपा दिवसाला ७० ते १०० मि.ग्रॅ.च्या खाली गेलं की लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच अंगात खर्च होते आणि मळमळ वाढते. चुकून २७५ आली तर एका गोळीत अडीचपट. पाकीट घरी नेण्याआधी दोन्ही आकडे वाचा.

प्रश्न : माझ्या यजमानांचं उलटंच आहे. गोळी घेतल्यावर वीस मिनिटांनी पाय जोरजोरात झाडतात, मग दोन तास छान जातात, आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा पाय झाडणं, घाम, घाबरेपणा. डॉक्टर गावाला गेले होते म्हणून मुलाने इंटरनेटवर वाचून डोस अर्धा केला, तर दिवसभर तेच चालू झालं. (महू)

उत्तर : मुलाने वाचलं ते वरच्या पत्रातल्या प्रकाराला लागू होतं, तुमच्या प्रकाराला नाही. हा दुटोकी डिस्कायनेसिया. शिखरावर काही नाही, चढाला आणि उताराला आहे. पातळी मधल्या पट्ट्यातून जात असते तेव्हा तो येतो, आणि मुख्यतः पायांत येतो: एकसारखं लाथ मारल्यासारखं किंवा सायकल चालवल्यासारखं. डोस अर्धा केल्यावर पातळी त्या मधल्या पट्ट्याच्या वर गेलीच नाही, दिवसभर तिथेच रेंगाळली.

शिखराचा डिस्कायनेसिया असेल तर डोस लहान करायचा, दुटोकी असेल तर लहान करायचा नाही. इथे डोस पुरेसा मोठा ठेवून दोन डोसांतलं अंतर कमी करतात, म्हणजे पहिली गोळी उतरायच्या आत दुसरी चढते. हे करताना शिखराचं झुलणं थोडं वाढू शकतं, ते पत्करावं लागतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी जास्त वेळ टिकणारी औषधं जोडूनही मधली दरी भरता येते. मात्र त्यांच्यामुळे काहींना बसल्याबसल्या झोप लागते, पाय सुजतात. काहींना सट्टा, ऑनलाइन रमी, खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा यांवर ताबा राहत नाही. घरात लाजेपोटी हे कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो: वागणं बदललं तर ते स्वभावाने नाही, औषधाने असू शकतं, आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं.

दुटोकी प्रकारात संथ सुटणाऱ्या सीआर गोळ्यांचा दिवसा फारसा उपयोग होत नाही. त्या हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात, म्हणजे त्रासाचा पट्टा आणखी लांबतो. शिवाय सीआरमधली लेव्होडोपा साध्या गोळीच्या सुमारे ७० टक्केच अंगी लागते. त्यामुळे ‘तेवढेच मिलिग्रॅम, फक्त सीआर’ अशी अदलाबदल करू नये. सीआर चावून किंवा कुटून घेतली तर तिचा संथपणाच जातो.

मुलाने परस्पर बदललेला डोस पूर्वीच्या वेळांवर आणायचा, पण तोही डॉक्टरांना फोन करून.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, वजन ४२ किलो. झुलण्यासाठी अमँटाडिन १०० सुरू केलं, आता दिवसातून तीनदा चालू आहे. झुलणं निम्म्याने कमी झालं, पण घोटे सुजलेत, मांड्यांवर जांभळट जाळी दिसते आणि संध्याकाळी ओसरीत मुलं खेळताना दिसतात म्हणतात. क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल आहे. असंही ऐकलं की अमँटाडिन आठ महिन्यांनी निकामी होतं. मग बंदच करून टाकू का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : अचानक बंद करू नका, पण उद्याची वाटही बघू नका. आजच डॉक्टरांना फोन करा.

त्या ‘नॉर्मल’ क्रिएटिनिनमध्येच गोम आहे. मूत्रपिंडाचं काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सासूबाईंच्या अंगावर स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं तरी आकडा चढत नाही. नेहमीचं सूत्र लावून पाहा: १४० वजा वय म्हणजे ६६, गुणिले वजन ४२, भागिले ७२ गुणिले १.१, आणि स्त्री असल्याने गुणिले ०.८५. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, येतं मिनिटाला साधारण ३० मि.लि. अमँटाडिन जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. हा आकडा ५० च्या खाली गेला की डोस कमी करायचा असतो, ३० च्या आसपास दिवसाला १०० हीच वरची मर्यादा, त्याखाली एक दिवसाआड. सासूबाईंना ३०० जातंय. ओसरीतली मुलं तिथून आली आहेत.

तरीही संध्याकाळी दिसणाऱ्या गोष्टींचं खापर एकट्या अमँटाडिनवर फोडण्याआधी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात: लघवीचा संसर्ग, उन्हाळ्यात कमी प्यायलेलं पाणी, बद्धकोष्ठ, आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का. ही शेवटची गोळी थरथरीसाठी जुन्या चिठ्ठ्यांवर असते. वय झालेल्यांच्या स्मरणशक्तीला ती चांगली नाही, आणि तिने घाम कमी होतो. इंदूरच्या मे महिन्यात घाम येणं थांबलं तर उष्माघात लांब नसतो.

अमँटाडिन एकाएकी सोडलं तर झुलणं उसळून परत येतं, काहींना गोंधळ, भ्रम, ताठरपणा आणि ताप येतो. म्हणून सहसा आठवड्याला १०० मि.ग्रॅ. असं उतरवतात. भास होत असतील तर डॉक्टर याहून लवकर उतरवतील. मूत्रपिंड मंद असल्याने अंगातलं औषध तसंही सावकाशच संपतं, त्यामुळे गोळी कमी केल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं गेली नाहीत म्हणून हताश होऊ नका. जांभळी जाळी दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी असते. सुजेसाठी लघवीची गोळी चढवण्यापेक्षा अमँटाडिनचा डोस तपासणं शहाणपणाचं.

आठ महिन्यांची गोष्ट जुन्या, छोट्या अभ्यासांतून पसरली. पुढे उलट पद्धतीने तपासलं गेलं. फ्रान्समधल्या आमान्डिस्क या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बराच काळ अमँटाडिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या गोळ्या त्यांना न कळवता नकली गोळ्यांनी बदलल्या, आणि त्यांचं झुलणं वाढलं. म्हणजे औषध काम करतच होतं. झुलणं पुन्हा दिसू लागलं तर औषध ‘मेलं’ असं धरू नये. आजार पुढे सरकलेला असू शकतो किंवा लेव्होडोपा वाढवलेली असू शकते.

ज्यांना ते सोसतं त्यांच्यासाठी नेहमीची रीत अशी: सकाळी १००, आठवड्याने दुसरं १०० दुपारी तीनच्या आत, गरज आणि मूत्रपिंड पाहून तिसरं. रात्री घेतलं तर झोप उडते. झुलणंही आहे आणि भासही आहेत अशा अवघड रुग्णांत क्लोझापिन अगदी लहान डोसात, रात्री ६.२५ ते १२.५ मि.ग्रॅ.पासून, दोन्हींवर चालतं. पण पांढऱ्या पेशी कोसळण्याचा धोका असल्याने पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावंच लागतं. ते जमणार नसेल तर सुरूच करू नये.

प्रश्न : आईची जीभ सारखी आत-बाहेर होते, चघळल्यासारखं तोंड चालतं. हातही थोडे कापतात, चाल मंदावली. तीन वर्षांपासून ती अनशापोटी गॅसची एक कॅप्सूल घेते, मध्ये चक्करेचीही गोळी होती. हा कंपवाताचाच डिस्कायनेसिया का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : आई लेव्होडोपा घेत नसेल तर तो लेव्होडोपाचा डिस्कायनेसिया असूच शकत नाही. कॅप्सूलचं पाकीट उलटं करा. पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या शेजारी बारीक अक्षरात ‘लेव्होसल्पिराइड’ लिहिलेलं आहे का ते बघा. हे औषध मेंदूतलं डोपामिनचं दार अडवतं. महिनोन् महिने घेतलं तर हुबेहूब कंपवात उभा राहतो, आणि तोंडाच्या चघळण्यासारख्या हालचालीही. चक्करेसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि अर्धशिशीची फ्लुनारिझिन यांचंही तेच. उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन त्याच कुळातली.

डॉक्टरांना विचारून औषध थांबवलं की कापणं आणि मंदपणा बहुतेक वेळा ओसरतो, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात. तोंडाच्या हालचाली कधी कधी राहून जातात. त्यांच्यासाठी टेट्राबेनाझिन वापरतात, पण ते डोपामिन रिकामं करणारं औषध आहे. खऱ्या कंपवाताच्या रुग्णाचं झुलणं थांबवायला ते दिलं तर माणूस गोठतो. दोन्हींना ‘डिस्कायनेसिया’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

खरा कंपवात असलेल्यांना मळमळ झाली तर डोम्पेरिडोन १० मि.ग्रॅ. चालतं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. हृदयाचा त्रास असेल तर आधी ईसीजी. गॅससाठी नुसतं पँटोप्राझोल मागा, जोडगोळी नको.

प्रश्न : कौंचाच्या बियांची पूड (खाजकुयली) नैसर्गिक आहे, तिने झुलणं होत नाही असं सांगतात. गोळ्यांबरोबर रोज एक चमचा घेतली तर? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : तर लेव्होडोपाच जास्त घेतली असं होईल. खाजकुयलीच्या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असते, तीच, गोळीतली. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम धरले तर २०० ते ३०० मि.ग्रॅ. त्यात कार्बिडोपा नसतं, म्हणून एकटी घेतली तर बरीचशी वाया जाते. पण तुमच्या पोटात गोळीतलं कार्बिडोपा आधीच आहे, ते या पुडीलाही मेंदूची वाट करून देतं. वडिलांच्या झुलण्याबद्दल लिहिणाऱ्या पहिल्या पत्रातल्यासारख्या रुग्णाने हे केलं तर दुपारपर्यंत अंथरुणावर धरून ठेवावं लागेल. बियांतलं प्रमाण झाड, जमीन आणि भाजण्याप्रमाणे बदलतं, ही दुसरी अडचण. वनस्पतीत औषधच नाही असं आमचं म्हणणं नाही. उलट, औषध आहे म्हणूनच मोजून घ्यावं लागतं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न : गोळी दुधाबरोबर घेतली तर चालेल का? नाश्त्याला पोहे, उपवासाला साबुदाणा, काही पथ्य? (राजवाड्याजवळून दोन पत्रं)

उत्तर : दूध नको, पाणी, आणि चांगलं ग्लासभर. लेव्होडोपा लहान आतड्यातून ज्या दारातून रक्तात शिरते त्याच दारातून प्रथिनांचे तुकडेही शिरतात, आणि मेंदूच्या दारातही तीच रांग. २५० मि.लि. दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं असतात. सकाळची गोळी ‘चढतच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची अडचण तेवढीच असते. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने गोळी, हा साधा नियम.

पोहे उत्तम, त्यात प्रथिनं कमी. वर मूठभर शेव चालेल, जिलबीचं मधुमेहाप्रमाणे बघा. साबुदाणाही चालतो, पण खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट विसरू नका: १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं. भुट्ट्याचा कीस दुधात शिजतो, शिकंजी तर इथे नावालाच शिकंजी, सगळं आटीव दूध. ही चैन रात्रीसाठी ठेवा. वरण, पनीर, दही असं सगळं रात्रीच्या जेवणात आणून दिवसभर हलकं राहणं अनेकांना मानवतं. एकूण प्रथिनं मात्र तोडू नका: किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. झुलणाऱ्या माणसाची ताकद दिवसभर खर्च होत असते, त्यामुळे त्याचं वजन आधीच उतरतं. त्याच्या भातावर तूप वाढा.

आहार बदलल्यावर तीच गोळी जास्त चढते हे लक्षात असू द्या. दुधाची सवय सोडल्यावर आठवड्याभरात झुलणं वाढलं तर औषध बिघडलं नाही, ते आता पूर्ण पोचतंय. डोस उतरवायची वेळ आली. लोहाची गोळी लेव्होडोपाला बांधून ठेवते, दोन तासांचं अंतर हवं. निर्जळी उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही.

प्रश्न : पहाटे डाव्या पायाचा अंगठा वर ताणला जातो, पाऊल आत वळतं, पोटरीत गोळा येतो. रात्रीची गोळी जास्त झाली का? (मल्हारगंज, इंदूर)

उत्तर : जास्त नाही, कमी झाली. रात्रभर औषध नसल्याने हा पीळ येतो. झोपताना सीआर गोळी, किंवा पहाटेची पहिली गोळी पाण्यासह उशाशी ठेवून उठायच्या पाऊण तास आधी घेणं, यांपैकी एकाने बहुतेकांचं भागतं. एकाच पायात हट्टाने राहिला तर पोटरीत बोटुलिनमचं इंजेक्शन देतात.

प्रश्न : भावाला ४४व्या वर्षी कंपवात निघाला. लेव्होडोपा जितकी उशिरा सुरू करू तितकं झुलणं उशिरा, म्हणून तो ओढत ओढत काम करतोय. बरोबर आहे का? आणि मेंदूत तार बसवतात त्याने हे सुटतं का? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : नाही. घाना आणि इटली इथल्या रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानात औषध मिळत नसल्याने लेव्होडोपा आजार सुरू झाल्यावर सरासरी ४.२ वर्षांनी सुरू झाली होती, इटलीत २.४ वर्षांनी. तरी झुलणं आजाराच्या साधारण त्याच वर्षी आलं. नेदरलँड्समधल्या ‘लीप’ चाचणीतही (२०१९) लेव्होडोपा लगेच सुरू केलेल्यांत आणि ४० आठवडे थांबलेल्यांत झुलण्याचा फरक दिसला नाही. आजार किती वर्षांचा आणि रोजचा डोस किती, हे दोन आकडे ठरवतात. तरुण वयात, कमी वजनात आणि स्त्रियांत ते लवकर येतं, म्हणून तुमच्या भावाला डोस आखडता ठेवणं योग्य, पण उपाशी ठेवणं नाही. सुरुवातीपासून एन्टाकॅपोन जोडून पातळी सपाट ठेवली तर झुलणं टळेल, असंही वाटलं होतं. स्ट्राइड-पीडी चाचणीत (२०१०) उलट झालं, जोडलेल्यांत ते लवकर आणि जास्त आलं.

तारेबद्दल (डीबीएस, म्हणजे मेंदूला सौम्य वीज देणारी तार) थोडक्यात. लेव्होडोपाने ज्याला चांगला फरक पडतो त्यालाच ती उपयोगी. म्हणून आधी औषध थांबवून आणि मग देऊन गुण मोजतात, निदान ३० टक्के सुधारणा हवी. मेंदूतल्या सबथॅलॅमिक केंद्रात तार बसवली की गोळ्या कमी करता येतात, म्हणून झुलणं उतरतं. पॅलिडम या दुसऱ्या केंद्रात बसवली तर गोळ्या फारशा कमी न करताही ते दबतं. बोलणं आणि तोल यांचा फायदा गृहीत धरू नका. स्मृतिभ्रंश असेल तर करत नाहीत.

प्रश्न : बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मान डोलते, मग डॉक्टर कसं करणार? त्या दिवशी गोळ्या बंद ठेवायच्या का? (अन्नपूर्णा रोड, इंदूर)

उत्तर : बंद ठेवाल तर झुलण्याऐवजी थरथर आणि ताठरपणा मिळेल, आणि एकदम सगळ्या गोळ्या तोडल्या तर ताप, ताठरणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. तीन दिवसांचा तक्ता इथेही कामाला येतो. बाबा दिवसात कोणत्या वेळी ‘चालू’ आणि स्थिर असतात तो तास शोधा, आणि नेत्रशल्यविशारदांकडे त्या तासाची वेळ मागा. फक्त थेंबांनी बधिर करून करायचं की डोक्याला आधार देऊन, हलकी गुंगी देऊन, हे भूलतज्ज्ञ झुलणं आधी प्रत्यक्ष पाहून ठरवतील. म्हणून त्यांना व्हिडिओ दाखवा. उपाशी राहायचं असलं तरी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते का, हे आदल्या दिवशीच विचारा. बहुधा चालते.

एका कार्डावर लिहून द्या: मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल देऊ नये. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर पेथिडिन आणि ट्रामाडॉल नको, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही नको. त्याखाली गोळ्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे लिहा: ७, १०, १, ४, ७. नुसतं ‘दिवसातून पाच वेळा’ लिहिलंत, तर वॉर्डात त्या पाच वेळा नर्सच्या फेरीच्या होतात.